दिवाळखोरीचा अर्ज करून देणारं एक छोटं ऑफिस: आमचा अनुभव, पाचपैकी चार

न्यू जर्सीतल्या एका वकिली ऑफिसबद्दल लिहिते आहे. नाव देत नाही, कारण पुढे आमच्या दिरांच्या आणि एका मैत्रिणीच्या पैशांचा विषय येणार आहे, आणि ऑफिस ओळखू आलं की माणसंही ओळखू येतील. दोन खोल्या, एक वकीलबाई, एक पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) मुलगी. वैयक्तिक दिवाळखोरीचे अर्ज हे एवढंच काम त्या करतात. आम्ही नवरा-बायकोने मिळून ऑगस्ट २०२५ मध्ये चॅप्टर ७ चा, म्हणजे हप्ते न बांधता कर्ज माफ करून घ्यायच्या दिवाळखोरीचा, अर्ज केला आणि नोव्हेंबरमध्ये डिस्चार्ज मिळाला, म्हणजे कर्जातून मोकळं केल्याचा कोर्टाचा हुकूम आला. काम उत्तम झालं. तक्रारीही आहेत, त्या पुढे सांगते. पण खरी हळहळ वेगळी आहे. या ऑफिसची पायरी आम्ही जवळजवळ दोन वर्षं उशिरा चढलो, आणि तेही निव्वळ ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवून.

कर्ज कसं झालं ते थोडक्यात. २०२२ मध्ये नवऱ्याची बायपास झाली. विमा होता, तरी आमच्या वाट्याला १८,७०० डॉलरची बिलं आली. २०२३ च्या सुरुवातीला त्याची नोकरी गेली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझ्या एकटीच्या पगारात घरभाडं, औषधं आणि मुलीचं कॉलेज बसेना, आणि जे बसलं नाही ते कार्डांवर गेलं. अर्ज केला तेव्हा पाच कार्डांवर मिळून ६१,४०० डॉलर होते.

‘दिवाळं’ हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. दिवाळं काढणारा म्हणजे कर्जबुडवा, लोकांच्या तोंडाला पानं पुसणारा, एवढंच लहानपणापासून कानावर पडलेलं. इकडे ज्याला विचारावं त्याने त्यात आपली भर घातली. एकजण म्हणाला, घरातल्या भांड्यांपर्यंत सगळं लिलावात जातं. दुसऱ्याने सांगितलं, पुन्हा भाड्याने घरसुद्धा मिळणार नाही. कुणी म्हणे, पेपरात नाव छापतात. कुणी म्हणे, २००५ साली कायदा बदलल्यापासून नोकरी असलेल्या माणसाला अर्जच करता येत नाही. नवरा ग्रीन कार्डवर, त्यामुळे ‘नागरिकत्वाचं विसरा’ हेही ऐकून झालं. यातलं एकही वाक्य आम्ही कुठे पडताळून पाहिलं नाही. भीती अशी बसली होती की पडताळायचीच भीती वाटायची.

म्हणून आम्ही ‘अब्रूचा’ मार्ग धरला. कर्ज तडजोडीने कमी करून देणाऱ्या एका कंपनीकडे तीन कार्डं सोपवली. त्यांनी सांगितलं, कार्डांचे हप्ते भरणं बंद करा आणि आमच्याकडे महिन्याला ७०० डॉलर जमा करा. चौदा महिने भरले. एका कार्डाची तडजोड झाली, त्यावर कंपनीने आपली फी घेतली, आणि जी रक्कम माफ झाली ती उत्पन्न म्हणून दाखवणारा फॉर्म पुढच्या वर्षी घरी आला. माफ झालेल्या कर्जावर कर लागू शकतो हे आम्हाला तेव्हा कळलं. उरलेल्या दोन कार्डांवर व्याज आणि दंड चढत राहिले आणि त्यातल्या एका बँकेने कोर्टात दावा लावला.

तरीही सगळ्यात मोठं नुकसान त्या कंपनीने केलं नाही, आम्हीच केलं. मार्च २०२४ मध्ये नवऱ्याच्या आयआरएमधले, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले, ३८,००० डॉलर आम्ही काढले. जुन्या नोकरीतलं ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं, त्याने तिथे वळवलं होतं. पूर्ण रक्कम हातात हवी होती, म्हणून कर कापू नका असंही लिहून दिलं. त्यातून कंपनीकडे न सोपवलेली दोन कार्डं आणि दिरांचे पाच हजार फेडले. सहा महिन्यांत घरखर्चाने ती कार्डं परत भरली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दाव्याचा कागद हातात घेऊन मी या ऑफिसात गेले. पहिली भेट फुकट, एक तासाची. बाईंनी कर्जाचा आकडा विचारलाच नाही. पहिला प्रश्न होता, “निवृत्तीचे पैसे शाबूत आहेत ना?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते पैसे कुणालाच घेता आले नसते.”

नोकरीतलं ४०१(के) दिवाळखोरीत पूर्ण सुरक्षित असतं. आयआरएलाही सतरा लाख डॉलरच्या पुढच्या मर्यादेपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे ते ३८,००० जिथे होते तिथे राहू दिले असते तर आज तिथेच असते, आणि ज्या कार्डांसाठी ते काढले ती कार्डं तशीही माफ झाली असती. वर साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढल्याबद्दल १० टक्के दंड, शिवाय त्या रकमेवर आयकर. सगळं मिळून आठ हजारांच्या वर गेलं. आणि अलीकडच्या वर्षांचा आयकर दिवाळखोरीत माफ होत नाही. हे ऐकताना हातपाय गार पडले. कर्ज फेडायला पैसे काढले आणि त्याचंच एक नवं, न सुटणारं कर्ज करून ठेवलं. बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हेच करून येतात, आणि बहुतेक सगळे प्रामाणिक असतात. ‘प्रामाणिक’ हा शब्द त्या दिवशी मला फार हवा होता.

बाकीच्या समजुती त्यांनी एकेक करून सोडवल्या, घाई न करता. २००५ च्या कायद्याने मिळकतीची चाचणी आणली, नोकरदारांना बंदी केली नाही. गेल्या सहा महिन्यांची सरासरी मिळकत काढायची, ती राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम मिळकतीशी ताडून पाहायची. आम्ही तिघं, पगार एक, आम्ही बरेच खाली होतो. मिळकत वर असली तरी दार बंद होत नाही, खर्च वजा करून पुढचा हिशोब असतो, आणि चॅप्टर ७ मध्ये नाहीच बसलं तर तीन ते पाच वर्षं हप्त्यांनी भरायचा चॅप्टर १३ आहे. पेपरातल्या जाहिरातीचं म्हणाल तर तसं काही नसतं. नोंद सार्वजनिक असते, पण ती कोर्टाच्या संगणकावर मुद्दाम शोधणाऱ्याला दिसते. नागरिकत्वाच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या की हा गुन्हा नव्हे, दिवाणी मामला आहे, आणि त्यासाठी कायदे करण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, दिलेला आहे. “कर मात्र थकवू नका, नागरिकत्वाच्या अर्जात त्याबद्दल विचारतात.”

सामानाचं मला सर्वांत जास्त भय होतं. मंगळसूत्र आणि आईने दिलेल्या दोन पाटल्या मी आधीच मैत्रिणीकडे ठेवायचा विचार केला होता. बरं झालं केला नाही, कारण लपवणं हाच खरा गुन्हा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कर्जमुक्तीही हातची जाते. उघड लिहून दिल्यावर मात्र काहीच झालं नाही. कायद्याने ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तू वगळलेल्या असतात. न्यू जर्सीत राज्याची किंवा केंद्राची, कुठली तरी एक यादी निवडता येते. आम्ही केंद्राची घेतली: दागिन्यांना माणशी २,१२५ डॉलर, गाडीला ५,०२५, आणि घर मालकीचं नसेल तर कशालाही लावता येईल अशी सतरा हजारांच्या पुढची आणखी एक सूट. नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला की प्रत्येकाला वेगळी. शिवाय किंमत धरायची ती वस्तू आज विकली तर येईल ती, म्हणजे सोन्याला मोडीचा भाव, घडणावळ नाही. सोफा, टीव्ही, शिलाई मशीन यांची विकायला काढल्यावरची किंमत मांडली तेव्हा सगळ्या घराचे मिळून दोन हजारही झाले नाहीत. लोक चॅप्टर ७ म्हटलं की लिलाव डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात माणसांच्या बहुतेक केसेसमध्ये ट्रस्टीला, म्हणजे अर्ज आणि मालमत्ता तपासायला नेमलेल्या माणसाला, विकण्याजोगं काही मिळतच नाही.

मग आला सातबारा. गावाकडच्या जमिनीत नवऱ्याचा चौथा हिस्सा आहे. आमचं म्हणणं, तिकडची जमीन इथल्या कोर्टाला कशाला सांगायची? बाई ठाम होत्या: मालमत्ता जगात कुठेही असो, कुणाच्याही ताब्यात असो, अर्जात आलीच पाहिजे. नवऱ्याने उतारा ऑनलाइन काढला, मी तो छापून नेला आणि टेबलावर पसरून एकेक रकाना इंग्रजीत सांगायला बसले. क्षेत्र ० हेक्टर ८२ आर. कंसातली नावं म्हणजे आता हक्क न उरलेली माणसं, त्यात सासऱ्यांचंही नाव. पोटखराबा म्हणजे पीक न येणारा तुकडा. फेरफार क्रमांकावर बोट ठेवून बाईंनी विचारलं, “वारसाची नोंद झाल्याचा पुरावा हाच का?” मी हो म्हटलं. त्यांनी तो क्रमांक वहीत उतरवून घेतला. कुणीतरी परक्या देशात बसून आमच्या जमिनीचा कागद इतक्या आदराने वाचतं आहे हे पाहून मला भरून आलं. हिस्स्याची किंमत साधारण नऊ हजार डॉलर धरली, ती त्या कशालाही लावता येणाऱ्या सवलतीत सहज बसली, आणि जमीन जिथल्या तिथे राहिली.

दिरांचे पाच हजार मात्र तितके सोपे नव्हते. मी फुशारकीने सांगितलं की घरच्यांचं देणं आम्ही आधी फेडलं. बाईंनी लगेच तारीख विचारली. जुलै २०२४. जवळच्या नातेवाइकाला अर्जाच्या आधीच्या एका वर्षात पैसे परत दिले असतील तर ट्रस्टी ते त्याच्याकडून मागे घेऊ शकतो, कारण बाकीच्या देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं आपण देणं लागतो त्यांना, डावलून एकालाच दिल्यासारखं ते होतं. बाहेरच्यांसाठी ही मुदत ९० दिवसांची. आपल्याकडे घरच्यांचं देणं आधी फेडणारा शहाणा समजला जातो, आणि इथे नेमकी तीच गोष्ट अडचणीची ठरली. रात्री टेक्सासला फोन लावला. “भाऊजी, तुम्हाला कोर्टाचं पत्र येऊ शकतं.” ते एवढंच म्हणाले, “वहिनी, आलं तर बघू, तुम्ही आधी स्वतःला सांभाळा.” शेवटी बाईंच्या सल्ल्याने आम्ही वर्ष पुरं होईपर्यंत थांबलो. पाच महिने थांबण्याची किंमत पडली. जूनमध्ये त्या बँकेचा निकाल लागून माझ्या पगारातून महिन्याला साडेचारशेच्या वर कापले जायला लागले. माझ्या कामाच्या ठिकाणी कळेल ही जी भीती होती ती अर्जामुळे खरी झालीच नाही. कळलं ते अर्ज न केल्यामुळे, पगार कापण्याचा हुकूम लॅबच्या हिशोबनिसाकडे गेला तेव्हा. अर्ज दाखल झाल्यावर ती कपात थांबली.

मैत्रिणीचे दोन हजार देणं होतं. तिचं नाव यादीतून वगळावं अशी मी फार विनवणी केली. चालत नाही. सगळे देणेकरी लिहावेच लागतात आणि प्रत्येकाला कोर्टाची नोटीस जाते. पत्र पोचायच्या आधी मी तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी एक गोष्ट समजावली ती इतरांनाही कळावी: डिस्चार्जनंतर तुमच्यावर सक्ती उरत नाही, पण स्वखुशीने परत द्यायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. डिसेंबरपासून मी तिला महिन्याला शंभर देते आहे.

आता पैसे. बाईंची फी १,९०० डॉलर, कोर्टाची ३३८, दोघांना मिळून एकच. वकिलाची फी अर्जाच्या आधी पूर्ण द्यावी लागते हे ऐकून मला राग आला होता. पैसेच नसलेल्या माणसाकडून आगाऊ? कारण असं की अर्जाच्या दिवशी बाकी राहिलेली फीसुद्धा एक कर्जच, तीही माफ होऊन जाते. त्या पाच महिन्यांत आम्ही ती हप्त्यांनी दिली. वकील नेमला आहे एवढं सांगितल्यावर वसुली कंपन्यांचे फोनही थांबले, त्यांना मग वकिलाशीच बोलावं लागतं. बँकांचे स्वतःचे फोन मात्र अर्जापर्यंत चालू राहिले. अर्ज दाखल झाला त्या दिवशी संध्याकाळी एक फोन आला, मी केस नंबर सांगितला, पलीकडच्या बाईने तो लिहून घेतला आणि ‘थँक यू’ म्हणून ठेवून दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नंबरचा मला धसका वाटला नाही.

तक्रारी. फोन केला की उत्तर दोन-तीन दिवसांनी. घाबरलेल्या माणसाला तीन दिवस फार मोठे असतात, आणि हे त्यांनी सुधारायलाच हवं. बँकेची तीच स्टेटमेंट्स पॅरालीगल मुलीने दोनदा मागितली. एक चूक गंभीर होती: हॉस्पिटलचं बिल यादीत होतं, पण रेडिओलॉजिस्टच्या गटाचं वेगळं आलेलं ४१० डॉलरचं बिल सुटलं. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटल, भूल देणारे, एक्स-रे वाचणारे असे सगळे आपापली बिलं लावतात. सही करण्याआधी मी ओळीओळीने वाचलं होतं तरी नजरचूक झाली, महिन्याभराने लक्षात आली. त्यांनी दुरुस्ती केली आणि तिची फी स्वतः भरली. एक तारा याच गोष्टींसाठी कमी.

देणेकऱ्यांच्या सभेला मी दोन रात्री झोपले नव्हते. न्यायाधीशासमोर उभं राहायचं या कल्पनेने. न्यायाधीश तिथे नसतातच, कायद्यानेच त्यांना त्या सभेला बसता येत नाही. सभा झूमवर होती. ट्रस्टीने ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, शपथ दिली आणि विचारलं: कागद सही करण्याआधी वाचलेत का, सगळी मालमत्ता लिहिली का, कुणी तुमचं देणं लागतं का. सातबाऱ्याबद्दल दोन प्रश्न आले, किंमत कशी ठरवली आणि विकायला बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागते का. नवऱ्याने सरळ उत्तरं दिली. एकही देणेकरी आला नाही. सात मिनिटांत संपलं. स्क्रीन बंद केल्यावर नवरा कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, मग उठून पाणी प्यायला.

सगळं सुटलं असं नाही. मुलीच्या शैक्षणिक कर्जावर माझी जामीन म्हणून सही आहे, ती राहिली. शैक्षणिक कर्ज सोडवायला असह्य हलाखी वेगळी सिद्ध करावी लागते. त्या आठ हजारांचे आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, हप्ते चालू आहेत. क्रेडिट रिपोर्टवर ही नोंद अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं राहील. पण ‘पुन्हा काहीच मिळणार नाही’ हेही खरं नाही. तीनशे डॉलर अनामत ठेवून घेतलेलं एक कार्ड आहे, त्यावर फक्त पेट्रोल भरते आणि महिनाअखेर पूर्ण फेडते. घराचा भाडेकरार जानेवारीत वाढवून मिळाला, मालकाने पाहिलं ते भाडं वेळेवर येतं का एवढंच.

अर्जाच्या आधी आणि नंतर एकेक शिकवणी घ्यावी लागते, सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेची, ऑनलाइन. आधीची नुसता सोपस्कार वाटली. दुसरी खर्च मांडायला शिकवणारी होती, तिच्यातला घरखर्चाचा तक्ता मी अजून वापरते.

कुणाला जायचं असेल तर सोबत सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, शेवटची दोन टॅक्स रिटर्न्स, सगळी बिलं (डॉक्टरांची वेगवेगळी आलेलीसुद्धा) आणि गावाकडच्या जमिनीचा उतारा न्या. गेल्या वर्षभरात नातेवाइकांना जे काही परत दिलं असेल ते तारखांसकट कागदावर लिहून न्या. आणि निवृत्तीचे पैसे काढायच्या बेतात असाल तर आधी या एका तासाच्या भेटीची वेळ घ्या, पैसे त्यानंतरही काढता येतील.